वृद्धाश्रमांतील शुश्रूषेची तपासणी : ससूनच्या पंगुगृहापासून कैनाडच्या पाड्यापर्यंत

१९१२ साली हिंदुस्थान सरकारने वेड्यांसंबंधी जो कायदा केला, त्यात निरीक्षकांविषयीची काही कलमे आहेत. वेड्यांच्या प्रत्येक इस्पितळासाठी किमान तीन निरीक्षक नेमावेत, त्यांतील निदान एक वैद्यकीय अधिकारी असावा, आणि त्याच्यासह दोघांनी तरी महिन्यातून एकदा एकत्र जाऊन इमारतीचा प्रत्येक भाग व, परिस्थिती अनुकूल असेल तेवढ्यापुरता, प्रत्येक रुग्ण समक्ष पाहावा, असा त्यांचा आशय आहे. त्यापूर्वीच्या, १८९८ च्या, कुष्ठरोग्यांसंबंधीच्या कायद्यातही प्रत्येक आश्रयगृहावर तिघांचे मंडळ व त्यात एक सरकारी डॉक्टर अशी तरतूद होती. तुरुंगांना अभ्यागत होतेच. या तरतुदी सर्वत्र मनापासून पाळल्या गेल्या असे समजण्याचे कारण नाही. तथापि मनोरुग्ण, कुष्ठरोगी आणि कैदी यांना भिंतीआड ठेवले की बाहेरच्या कोणीतरी आत जाऊन त्यांना पाहिले पाहिजे, एवढे तत्त्व तरी राज्यकर्त्यांनी मान्य केले होते. केवळ म्हातारपणामुळे भिंतीआड आलेल्या माणसाच्या बाबतीत हेच तत्त्व मान्य व्हावयास शंभर वर्षेही पुरली नाहीत. असे का झाले, हा महाराष्ट्रातील संस्थांच्या इतिहासातला एक महत्त्वाचा प्रश्न आहे. डहाणू तालुक्यातील कैनाडसारख्या गावातून पाहिले असता त्याचे स्वरूप अधिकच स्पष्ट होते.

वृद्धाश्रमाविषयी मराठीत जे लेखन होते, त्याचा रोख बहुधा मुलांच्या कर्तव्यावर असतो. एकत्र कुटुंब मोडले, मुले दूरदेशी गेली, आईबाप पोरके झाले, ही त्याची ठरलेली चाल. या शोकात तथ्य नाही असे नाही. परंतु वृद्धाश्रम असावा की नसावा या वादात, तो असल्यावर आतल्या माणसाला कसे ठेवले जाते, हा प्रश्न मागे पडला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दिवसातून किती वेळा बदलली जाते? रात्री दोन वाजता हाक मारली तर कोण उठून येते? गोळ्या कोण मोजून देते? न्हाणीघराची फरशी ओली असताना धरावयास भिंतीला दांडी आहे काय? दात नसलेल्याला भाकरी कुस्करून देण्याइतकी फुरसत वाढणाऱ्याला असते काय? वृद्धगृहातील शुश्रूषेची प्रत आणि सुरक्षितता म्हणतात ती याच गोष्टींची बनलेली असते, आणि इतिहासाच्या साधनांत नेमक्या याच गोष्टी सापडत नाहीत.

साधनांची ही अडचण मुळातच समजून घेतली पाहिजे. धर्मादाय संस्थांच्या वार्षिक अहवालांत देणगीदारांची यादी असते, जमाखर्चाचे ताळेबंद असतात, नव्या खोलीच्या कोनशिला समारंभाचे छायाचित्र असते. रहिवाशांच्या नोंदवहीत आल्याची तारीख व गेल्याची तारीख असते. या दोन तारखांच्या मध्ये काय घडले, याविषयी अहवाल मौन पाळतो. कोण पडला, कोणाचे हाड मोडले, कोणाच्या पाठीला जखम झाली, हे लिहून ठेवण्याची आवश्यकता कोणी घातलेली नव्हती आणि संस्थेला तसे करण्यात लाभही नव्हता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने १८५९-६० च्या सुमारास शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात असे स्पष्ट म्हटले होते की, रुग्णाला शय्याव्रण झाले तर त्याचा दोष बहुधा रोगाकडे नसून शुश्रूषेकडे असतो. हिंदुस्थानात कधीही पाऊल न ठेवता येथील आरोग्याविषयी अर्धे आयुष्य लिहीत राहिलेल्या या बाईचे ते वाक्य येथल्या एखाद्या आश्रमाच्या भिंतीवर टांगले गेले असते, तर अहवालांचे स्वरूप कदाचित निराळे झाले असते. शय्याव्रण हा एका अर्थी निष्काळजीपणाचा दस्तऐवजच. पण तो माणसाबरोबर जळतो वा पुरला जातो.

महाराष्ट्रातील जुन्या संस्थांपैकी पुण्याचे डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह हे १८६३ सालचे. आज ते ‘निवारा’ या नावाने लोकांना परिचित आहे. बगदादहून मुंबईस येऊन व्यापारात अपार संपत्ती मिळविलेला हा ज्यू गृहस्थ १८६४ साली पुण्यातच वारला. त्याच्या दानातून उभे राहिलेले रुग्णालय १८६७ साली सुरू झाले. एकाच दात्याच्या नावे एकाच शहरात उभ्या राहिलेल्या या दोन वास्तूंचे पुढचे प्रवास मात्र भिन्न आहेत. रुग्णालय सरकारी वैद्यक खात्याच्या कक्षेत आले. तेथे डॉक्टर, परिचारिका, रोगनिदानाची नोंद, मृत्यूचे कारण, सर्व काही लिहिले जाऊ लागले. पंगुगृह समितीच्या हाती राहिले. पहिल्याला विज्ञानाची शिस्त लाभली, तर दुसऱ्याला भूतदयेची सावली. संस्थेच्या मूळ नावातही बरेच काही आले आहे : अनाथ आणि पंगू. म्हातारपण ही स्वतंत्र अवस्था आहे, तिच्या गरजा अपंगत्वाहून व दारिद्र्याहून काही अंशी वेगळ्या आहेत, ही जाणीव त्या काळच्या दानधर्मात नव्हती. ती युरोपातही फारशी नव्हती. इंग्लंडमधल्या ‘वर्कहाउस’च्या आजारी खोल्यांची दुर्दशा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्राने १८६५-६६ मध्ये चव्हाट्यावर आणली, तेव्हा तेथेही म्हातारे, वेडे, क्षयी आणि निराधार एकाच दालनात पडलेले आढळले.

गोव्यात निराळी परंपरा दिसते. तेथे पोर्तुगीज अमदानीतील ‘मिझेरिकॉर्दिया’च्या धर्मादायाची आणि पुढे ‘प्रोव्हेदोरिया’ या सार्वजनिक साहाय्य संस्थेची परंपरा असल्यामुळे वृद्धगृहे चालविण्याचा भार मोठ्या प्रमाणावर शासनाने उचलला. यात आश्रयाची शाश्वती अधिक. परंतु चालविणारा आणि तपासणारा एकच झाला की तपासणीची धार बोथट होते, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे.

या सर्वांत नागपूरच्या मातृसेवा संघाचे उदाहरण विशेष लक्ष वेधून घेते. १९२१ साली कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साहाय्याने हे काम सुरू केले, ते सूतिकागृहाच्या रूपाने. कमलाताई स्वतः शिकलेल्या परिचारिका होत्या. याच संस्थेने कालांतराने ‘पंचवटी’ हा वृद्धाश्रम काढला. इतरत्र आधी दाता येतो, मग इमारत, मग व्यवस्थापक, आणि सर्वांत शेवटी, मिळेल त्या पगारावर, शुश्रूषा करणारी बाई. नागपूरला हा क्रम उलटा होता. अंग पुसणे, कूस बदलणे, नाडी पाहणे ही कामे ज्यांना येत होती, त्यांनी संस्था काढली. वृद्धाश्रमाच्या प्रतीचा इतिहास लिहावयाचा झाल्यास देणगीदारांऐवजी अशा परिचारिकांच्या अंगाने तो लिहिला पाहिजे. आश्रमांत ज्यांना सरसकट ‘मावशी’ म्हटले जाते, त्यांचे वेतन, त्यांचे शिक्षण, एकेकीच्या वाट्याला येणारी माणसे आणि त्यांच्या रात्रपाळ्या यांवाचून प्रतीविषयीची सर्व चर्चा पोकळ ठरते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात आणि दिल्लीत जे कायदे झाले, त्यांच्या कडेकडेने वृद्धाश्रम कसा निसटत गेला, हे पाहण्यासारखे आहे. १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्याने शुश्रूषागृहाची जी व्याख्या केली, तीत आजारी आणि जखमी यांच्याबरोबर ‘अशक्त’ माणसांना ठेवून त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणाऱ्या जागेचाही समावेश होतो. हा शब्द इंग्लंडच्या कायद्यातून आलेला होता व तिकडे त्याचा अर्थ जराजर्जर असा घेतला जाई. शब्दशः वाचल्यास अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची शुश्रूषा करणारा आश्रम या कायद्यात बसविता आला असता. व्यवहारात मात्र तो प्रसूतिगृहांचा व खाजगी रुग्णालयांचा कायदा म्हणूनच ओळखला गेला. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याने धर्मादाय संस्थांची नोंदणी व हिशेबतपासणी सक्तीची केली. धर्मादाय आयुक्ताच्या नजरेपुढे येतो तो न्यास. दुधाच्या खर्चाची पावती आहे की नाही हे तेथे पाहिले जाते, ते दूध कोणाच्या ओठांपर्यंत पोचले हे पाहणे त्या कचेरीचे काम नव्हे. १९६० साली संसदेने अनाथालये व इतर धर्मादाय गृहे यांच्या देखरेखीचा कायदा केला. त्यात प्रमाणपत्र आहे, नियंत्रण मंडळ आहे, तपासणी आहे. पण त्यातील ‘गृह’ या शब्दाची व्याप्ती स्त्रिया व मुले यांच्यापुरती. म्हणजे वृद्ध स्त्री ही स्त्री म्हणून या कायद्याच्या छायेत येऊ शकते, वृद्ध म्हणून नव्हे, आणि वृद्ध पुरुष तर मुळीच नाही. कायद्यांच्या या जाळ्यात वृद्धाच्या आकाराचे भोक राहिले होते असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६३ साली शासनाने वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना आखली. साठ वर्षांवरील पुरुष व पंचावन्न वर्षांवरील स्त्रिया, निराधार व गरजू असल्यास, प्रवेशास पात्र. पुढे बरीच वर्षे हे परिपोषण अनुदान माणशी दरमहा ९०० रुपये या आकड्यावर स्थिरावलेले दिसते, म्हणजे दिवसाला तीस रुपये. तेवढ्यात अन्न, वस्त्र, औषध आणि मनुष्यबळ कसे बसवावे, याचे उत्तर संस्थाचालकांनी देणग्यांत शोधले. वाढदिवसाला, पुण्यतिथीला एक वेळचे जेवण देण्याची प्रथा त्यातून दृढ झाली. दात्याच्या हौसेप्रमाणे त्या दिवशी पानात जिलबी येते वा श्रीखंड, आणि पंक्तीत मधुमेही किती बसले आहेत याची चौकशी दाता करीत नाही. ज्या आश्रमाला महिन्यातून बरेच दाते लाभतात, त्याची ही समस्या क्षुल्लक नव्हे. १९९५ साली ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना आली. जिल्ह्याजिल्ह्यांत शंभर माणसांची सोय, ऐपत असलेल्यांकडून दरमहा ५०० रुपये शुल्क, अशी तिची कल्पना होती. दोन्ही योजनांच्या कागदांत आत कोण येऊ शकेल याविषयी जितकी काटेकोर भाषा आहे, तितकी आत आलेल्याला काय मिळालेच पाहिजे याविषयी नाही.

हा दोष केवळ आपला आहे असे मानण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने जुनी दरिद्रनारायणी व्यवस्था मोडीत काढली व स्थानिक संस्थांवर वृद्धांच्या निवासाची जबाबदारी टाकली. दहाबारा वर्षांनी पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने इंग्लंड व वेल्समधील १७३ संस्थांना स्वतः भेटी दिल्या. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथावरून असे दिसले की, पाटी बदलली होती, वास्तू आणि वृत्ती बऱ्याच ठिकाणी जुन्याच होत्या. त्याच्या अभ्यासाचे मोल त्याच्या मतांपेक्षा पद्धतीत आहे. खाटांमधील अंतर, स्वतःचे कपाट असणे-नसणे, दिवसभर माणसे काय करीत बसतात, या गोष्टी त्याने पुरावा म्हणून मांडल्या. १९६६ मध्ये अ‍ॅवेडिस डोनाबेडियन याने वैद्यकीय सेवेची प्रत तीन अंगांनी पाहावी असे प्रतिपादन केले : साधनसामग्री व रचना, प्रत्यक्ष क्रिया, आणि परिणाम. ही विभागणी महाराष्ट्राच्या वृद्धाश्रमांना लावून पाहिली असता निष्कर्ष सहज हाती येतो. देणगीदार रचना देतो, शासन रचनेला अनुदान देते, न्यासाचा हिशेब रचनेचाच असतो. क्रिया आणि परिणाम यांच्याकडे पाहण्यासाठी कोणाचीच नेमणूक झालेली नव्हती.

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाच्या कायद्याने ही स्थिती पालटेल अशी अपेक्षा होती. महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू झाला व २०१० साली राज्याचे नियम आले. मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देणारा कायदा म्हणून त्याची प्रसिद्धी अधिक. त्यातील १९ वे कलम मात्र संस्थांविषयी आहे. राज्य शासन सुगम ठिकाणी, टप्प्याटप्प्याने, प्रत्येक जिल्ह्यात निदान एक याप्रमाणे वृद्धाश्रम स्थापन करू शकेल, त्यात किमान दीडशे निर्धन ज्येष्ठांची सोय असावी, आणि अशा आश्रमांच्या व्यवस्थापनासाठी, त्यांतील सेवांच्या दर्जासह, योजना विहित करू शकेल, असे ते कलम सांगते. सारा भार ‘शकेल’ या क्रियापदावर आहे. केंद्राने राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श नियमांत दर रहिवाशाला निजण्याच्या खोलीत साडेसात चौरस मीटर जागा, हातांच्या आधाराला कठडे, न घसरणारी फरशी, आजाऱ्यांची खोली, जवळच्या सरकारी रुग्णालयाशी व पोलीस ठाण्याशी संबंध इत्यादी गोष्टी सांगितल्या आहेत. यादी चांगली आहे. परंतु ती मुख्यतः शासकीय आश्रमांसाठी. गावोगाव भाड्याच्या बंगल्यात निघालेल्या खाजगी गृहांना नोंदणीची व किमान दर्जाची सक्ती करणारे दुरुस्ती विधेयक ११ डिसेंबर २०१९ रोजी लोकसभेत मांडले गेले. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ साली सतरावी लोकसभा विसर्जित होताच विधेयक व्यपगत झाले.

मधल्या काळात साथ येऊन गेली. २०२१ च्या नोव्हेंबरअखेर ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यातील सोरगाव येथील एका वृद्धाश्रमात साठाहून अधिक रहिवाशांना कोविडची लागण झाल्याचे आढळले. त्यांतील बहुतेकांनी लशीच्या दोन्ही मात्रा घेतल्या होत्या. त्यांना ठाण्याच्या शासकीय रुग्णालयात हलविण्यात आले. येथे कोणाच्या हलगर्जीचा प्रश्न उपस्थित करावयाचा नाही. दखल घ्यावयाची ती एवढ्याचीच की, एका छपराखाली, एका पंक्तीत, एकाच मावशीच्या हाताखाली शंभर म्हातारी माणसे ठेवणे ही स्वतःच एक जोखीम आहे, आणि कायद्यातील दीडशेचा आकडा ठरविताना तिचा विचार झालेला दिसत नाही.

हा आकडा घेऊन आता कैनाडकडे वळावे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू व तलासरी हे आदिवासीबहुल तालुके त्यात आले. या पट्ट्यातील वारली वस्ती पाड्यापाड्यांनी विखुरलेली. कारवीच्या कुडाच्या, शेणाने सारवलेल्या घरात म्हातारे माणूस घरच्यांबरोबर राहते, मरते. वृद्धाश्रम हा शब्द तेथे परका आहे. याचा अर्थ वार्धक्य तेथे सुखाचे आहे असा काढण्याचा मोह अनेकांना होतो. वारली लग्नात धवलेरी ही पुरोहिताचे काम करते आणि वयाबरोबर तिचा मान वाढतो, हे खरे. परंतु याच भागात १९४५ पूर्वी लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको आयुष्यभर सावकाराच्या दाराशी राबत. ‘लग्नगडी’ हा शब्द त्याचीच खूण. १९३९ च्या सायमिंग्टन यांच्या अहवालात या वेठबिगारीची नोंद सरकारदरबारी झाली आणि १९४५ ते १९४७ मध्ये गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील लढ्याने ती मोडली. त्या व्यवस्थेत म्हातारपण म्हणजे निवृत्ती नव्हती, कामाची किंमत घटत जाणे एवढेच होते.

वेठ गेली, तिच्या जागी स्थलांतर आले. भात निघाले की पाड्यावरची धडधाकट माणसे वीटभट्ट्यांवर, मिठागरांवर, मच्छीमारांच्या बोटींवर, वापी-उंबरगावच्या कारखान्यांत जातात. मागे राहतात ती म्हातारी माणसे, कधी लहान मुलांसह. कैनाडसारख्या गावात वृद्धांच्या शुश्रूषेचा प्रश्न आहे तो या महिन्यांपुरता, आणि त्याचे स्वरूप शहरी प्रश्नाहून अगदी निराळे आहे. येथे म्हातारीला कोणी टाकून दिलेले नसते. पोटामागे गेलेले लोक पावसाआधी परत येणार असतात. तेवढ्यात ती विहिरीवर घसरली, ताप चढला, डोळ्याला दिसेनासे झाले, तर पाहणारे कोणी नाही. तिला जिल्ह्याच्या दीडशे खाटांच्या आश्रमात नेणे म्हणजे तिची भाषा, तिचे अन्न, तिचा देव आणि तिचे नातवंड यांपासून तोडणे. शिवाय तेथे जाण्यासाठी ती ‘निर्धन’ ठरली पाहिजे व तिचे वय सिद्ध झाले पाहिजे. जिच्या जन्माची नोंदच झाली नाही, तिचे वय अंदाजानेच लिहिले जाते. श्रावणबाळ योजनेसारख्या निवृत्तिवेतनालाही, ज्याची रक्कम २०२३ मध्ये हजारावरून दीड हजार रुपये झाली, हीच अडचण येते. तरी त्या पैशाचा एक गुण मानला पाहिजे : तो घरी येतो.

विशेष हे की, संस्थेनेच घरी जावे हा विचार डहाणू तालुक्याला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे सुरू केलेले ग्राम बालशिक्षा केंद्र १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर हलले, आणि तेथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी पाहिले की वारल्यांची मुले शाळेच्या इमारतीत येत नाहीत. मग शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. मुले गुरांमागे गेली तर शाळा कुरणात गेली. ‘अंगणवाडी’ या शब्दाची मुळे याच परिसरात आहेत. १९७५ साली केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी देशभर पोचली. इमारतीपेक्षा माणसाचे जाणे-येणे महत्त्वाचे, हा धडा बालशिक्षणाने येथे घेतला. वार्धक्याच्या बाबतीत त्याची सुरुवात २०१०-११ च्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात कागदावर दिसते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्याने जावे, असे त्यात म्हटले आहे.

पाड्यावरील अंगणवाडीत आज मुलांचे वजन केले जाते व वाढीच्या तक्त्यावर ठिपका मांडला जातो. ठिपका खाली घसरला की सेविका घरी जाते. त्याच घराच्या ओटीवर बसलेल्या आजीचे वजन मागच्या पावसाळ्यापासून किती उतरले, हे लिहावयाचा तक्ता तिच्यापाशी नाही.